एका गोळीची रायफल

आमच्या घरमालकांकडे सतरा फूटपट्ट्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरही त्यांचा विश्वास नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने बघायला आम्ही नवरा-बायको गेलो, तेव्हा त्यांनी नोकरी, पगार, गाव काही विचारलं नाही. सोफा किती लांब आहे, एवढंच विचारलं. मी पर्समधून कागद काढला आणि इंचांत सांगितलं. त्यांनी कागदच मागून घेतला. त्यावर सोफा, पलंग, टेबल, सगळ्यांची मापं खोलीवार लिहिलेली होती. कागद दोनदा वाचून त्यांनी आत हाक मारली, "अगं, चहा टाक. या बाई मोजून आल्यात."

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. पुढची पाच वर्षं आम्ही तिथे राहिलो. सगळे त्यांना काका म्हणत, मीही इथे काकाच म्हणते.

काका मूळचे कराडचे. तरुणपणी अमेरिकेत आले आणि वूस्टरजवळच्या ग्राइंडिंग मशीनच्या कारखान्यात लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. काम तपासणीचं. दुसऱ्यांनी बनवलेला सुटा भाग मोजायचा आणि केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाने चुकला असेल तर परत पाठवायचा. "चौतीस वर्षं लोकांना नाही म्हणायचा पगार घेतला," असं ते म्हणत. मोजायची त्यांची रीतही वेगळी होती. एकदा मोजलं की आकडा लिहून कागद पालथा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो न बघता परत मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तरच खरं. काकूंनी एकदा पडद्याचं कापड आणायला माप मागितलं तर त्यांनी उद्या देतो म्हणून सांगितलं होतं.

त्यांचा दुसरा छंद "कशासाठी?" विचारण्याचा. आम्ही गाडी घ्यायला निघालो तेव्हा माझ्या नवऱ्याने विचारलं, "काका, बेस्ट मायलेजवाली कुठली?"

"कशासाठी?"

"म्हणजे, चालवायला."

"कुठे?"

"ऑफिसला. साडेचार मैल आहे."

"मग मायलेज काय विचारतोस? जानेवारीत सकाळी सुरू होईल का ते विचार. आणि बेस्ट म्हणू नकोस. बेस्ट नावाचा पार्ट कुठल्याच कॅटलॉगात नसतो."

या माणसाने स्वतःसाठी रायफल बांधून घ्यायला काढली, तेव्हा किती वेळ लागेल याचा अंदाज मला यायला हवा होता. मी तीन वीकेंड म्हटलं होतं. वीस महिने लागले.

आधी एक सांगते. काकूंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नसे. काकाही शाकाहारीच. तरी दर नोव्हेंबरात चार दिवस ते व्हरमाँटच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जात. ही सवय लावली अर्लने. अर्ल कारखान्यात लेथवर होता, काकांहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. काका त्याला अर्लराव म्हणत, तो काकांना प्रोफेसर म्हणे. अर्लनेच त्यांना निशाणा धरायला शिकवलं, आपली जुनी रायफल वापरायला दिली आणि आपल्या लाकडी केबिनमध्ये चार रात्रींची जागाही दिली. एकतीस वर्षांत काकांनी चार हरणं मारली होती. मांस अर्लच्या घरी जाई.

एकदा मी धीर करून विचारलंच, "काका, खात नाही तर मारता कशाला?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "डोंगरात चार दिवस गप्प बसायचं असेल तर माणसाला काहीतरी काम लागतं. ते मला तिथे मिळालं. आता खात नाही, हे खरं. म्हणून तर मला चुकायचा हक्क नाही. खाणारा चुकला तर भुकेचं कारण सांगेल. मी काय सांगू?"

बाकीचं मला अर्लने सांगितलं. पहिल्याच वर्षी काकांची गोळी हरणाच्या मागच्या पायाला लागली होती. दोन दिवस दोघं रक्ताच्या मागावर फिरले. हरीण सापडलं नाही. त्यानंतर तीन वर्षं काका डोंगरात गेले, पण नुसतेच बसून आले. चौथ्या वर्षी परत रायफल घेतली. तेव्हापासूनची ती चार हरणं, प्रत्येकाला एकच गोळी. समोर आलेली आणि सोडून दिलेली किती, ते अर्ललाही मोजता आलं नव्हतं.

ती जुनी रायफल अर्लने नातवाला दिली आणि काकांना स्वतःची घ्यायची वेळ आली. दुकानातली तयार त्यांना नको होती. एकच रायफल दोन्ही कामांना हवी होती: शनिवारी नेमबाजीच्या क्लबात कागदावरच्या निशाण्याला आणि नोव्हेंबरात डोंगरात. या दोन कामांचं आपसात पटत नाही. निशाण्याची रायफल जड असावी म्हणजे हलत नाही. शिकारीची हलकी असावी म्हणजे चढावर माणूस थकत नाही. म्हणजे प्रत्येक भाग वेगळा निवडायचा आणि बांधून देणाऱ्या कारागिराकडून जोडून घ्यायचा. काकांची निवड पाकिटांच्या पाठीवर लिहिलेली होती. ती संगणकावर घालायला त्यांनी मला बोलावलं.

"पण एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "तू व्हिसावर आहेस. व्हिसावाल्याने बंदुकीला हात लावायचा नाही, काडतुसालाही नाही. कायद्यात काही सवलती असतील, त्या आपल्याला नकोत. तू यादीला हात लाव."

मी यादी केली. रकाने चार: भाग, पर्याय, कारण, निर्णय. निर्णय झाला की चौकट हिरवी करायची. दर महिन्याला नवा कागद छापून काकांच्या तळघरातल्या भिंतीवर लावायचा. ऑफिसात मी टेस्टिंग टीमची लीड होते. दिवसभर लोकांच्या मागे लागून अशाच चौकटी हिरव्या करून घेत असे. हे काम मला सोपं वाटलं.

सुरुवात वजनापासून झाली. सगळे भाग मिळून वजन किती चालेल, हे आधी ठरवायचं होतं. काकांनी झाडूचा दांडा घेतला, त्याला तूरडाळीची पाकिटं बांधली आणि श्रूजबरीतला असा एक चढ शोधला की ज्याचा उतार अर्लच्या केबिनमागच्या वाटेएवढा आहे. मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतरची ती वर्षं अशी होती की आपल्या चेहऱ्याच्या माणसाने लांबट काही खांद्यावर टाकून रस्त्याने फिरणं बरं नव्हतं. काका आधी गल्लीतल्या अकरा घरांत जाऊन सांगून आले की उद्यापासून मी डाळ बांधलेला दांडा घेऊन फिरणार आहे, आणि कशासाठी तेही सांगितलं. आठवड्याभरात समोरचा शेजारी अंगणातून विचारायला लागला, "आज किती पौंड?" काकू खिडकीतून मला म्हणत, "बघ, निघाली डाळीची वरात."

बारीक फरकासाठी लहान पाकिटं हवी होती. आम्ही देशी दुकानांच्या आयसेलिन गावाला खरेदीला गेलो तेव्हा त्यांनी साबुदाण्याची अर्ध्या पौंडाची बारा पाकिटं आणायला सांगितली. आणल्यावर बाराही वजन करून बघितली. चार परत बांधून ठेवली. "ही खोटी आहेत," म्हणाले. सहा आठवड्यांनी चौकट हिरवी झाली: रायफलवर बसवायच्या दुर्बिणीसकट साडेआठ पौंड. त्यावरून नळीची जाडी ठरली, फार जाड नाही, फार बारीक नाही. लांबी चोवीस इंच.

मग दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. अक्रोडाचा दिसतो छान, पण दमट हवेत लाकूड फुगतं आणि नळीला टेकतं, मग गोळीचा नेम सरकतो. किती फुगतं ते काकांना पुस्तकातून नको होतं. एका रविवारी ते वर आले, हातात तीन प्रकारच्या लाकडाचे तीन तुकडे. "हे तुमच्या बाथरूममध्ये पंधरा दिवस राहू देत. तुम्ही दोघं गरम पाण्याने खूप वेळ अंघोळ करता, मला खाली ऐकू येतं." दुसरे तीन तुकडे काकूंच्या फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी गेले. पंधरा दिवसांनी सगळे मायक्रोमीटरने मोजले, कागद पालथा ठेवला, दुसऱ्या दिवशी परत मोजले. पातळ थर चिकटवून केलेलं लाकूड जिंकलं. ते दिसायला सनमायकासारखं होतं. काकांनी अक्रोडाच्या तुकड्यावरून एकदा हात फिरवला आणि तो काकूंना पोळपाटाखाली ठेवायला दिला.

चापाचं मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. चाप किती जोराने दाबला की सुटावा, हे ठरवता येतं. काकांना अडीच पौंड हवा होता, आणि थंडीत लोकरी हातमोज्यातून बोटाला तो जोर ओळखू यायला हवा होता. त्यासाठी ते रोज सकाळी हातमोजा घालून स्वयंपाकघरातला वजनकाटा एका बोटाने दाबत. एक दिवस मला म्हणाले, "तू आकडा बघ, मी डोळे मिटतो." त्यांनी बोट टेकवलं. काटा सावकाश चढला, अडीचवर आला आणि थांबला. "किती?" "अडीच." "परत." मी दहा वेळा बघितलं. दहाही वेळा काटा अडीचवर थांबला, एकदाच अर्धा औंस पुढे गेला. "आत्ताचं चुकलं," ते डोळे न उघडता म्हणाले. मी तोवर काही बोललेही नव्हते. मी नोकरीत मोठमोठी माणसं बघितली आहेत. त्यांतल्या कुणाला आपली चूक सांगण्याआधी कळल्याचं मला आठवत नाही.

आणि ते बोट डाव्या हाताचं होतं. मी काट्याकडे बघत होते, हाताकडे नाही.

दुर्बिणीच्या वेळीही तसंच झालं. "दुकानाच्या दिव्यात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या," म्हणून काका सूर्य मावळायच्या सुमाराला दुकानात गेले आणि विक्रेत्याला सात दुर्बिणी घेऊन पार्किंगमध्ये चला म्हणाले. तो आलाही. लांबच्या गाड्यांचे नंबर वाचत, अंधार पडत गेला तशी एकेक दुर्बीण बाद करत, शेवटी एक उरली. मी शेजारी उभी राहून नंबर टिपून घेत होते. काकांनी सातही दुर्बिणी डाव्या डोळ्याला लावल्या. तेही मी बघितलं नाही. त्या वर्षी ते लांबचं ड्रायव्हिंग मला करायला सांगू लागले होते. "तुझ्या गाडीत गप्पा होतात," म्हणत. मी तेही खरं मानलं.

यादीत आता एकच चौकट रिकामी होती. रायफलच्या मधल्या पोलादी भागाला अ‍ॅक्शन म्हणतात. काडतूस आत ढकलणारा आणि रिकामं बाहेर काढणारा दांडा त्यात मागेपुढे सरकतो, तो बोल्ट. उजव्या हाताच्या माणसासाठी बोल्टची मूठ उजवीकडे असते, डावखुऱ्यासाठी डावीकडे. कुठली अ‍ॅक्शन, तेही ठरलं होतं. फक्त "उजवी की डावी" एवढं राहिलं होतं.

"काका, हे भरू?"

"राहू दे."

दर महिन्याला मी विचारलं, दर महिन्याला "राहू दे". मला वाटलं, म्हातारपणीचा हट्ट. त्यात ठरवायचं ते काय? काका उजव्या हाताने जेवत, भाड्याच्या पावतीवर उजव्या हाताने सही करत, गणपतीला उजव्या हाताने अक्षता वाहत.

गणपतीवरून आठवलं. दोन हजार चारच्या गणपतीत अर्ल जेवायला आला होता. आरती झाल्यावर त्याने मोदकासाठी डावा हात पुढे केला. तो डावखुराच होता. काकू गोड हसून इंग्रजीत म्हणाल्या, "अर्ल, राइट हँड, प्लीज." तो बिचारा हात बदलू लागला, तोच काका जरा जोरातच बोलले, "दे गं त्याला. हात तो हात." घरात त्या आवाजात बोलताना मी काकांना पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं, पाहुण्यासमोर लाज वाटली असेल.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात काका-काकू तीन महिन्यांसाठी कराडला गेले. जायच्या आधी अर्लची बातमी आली होती. त्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी हा नोव्हेंबर जा म्हटलं होतं, पुढचा नाही. म्हणजे काकांना नवी रायफल घेऊन अर्लबरोबर डोंगरात बसायची एकच संधी होती. ते गेल्यावर दोन आठवड्यांनी कारागिराचा फोन आला. अ‍ॅक्शनची ऑर्डर कारखान्याला त्याच दिवशी पाठवायची होती. बारा आठवडे लागणार होते. चुकलं तर पुढची खेप डिसेंबरात.

"शेवटी कुठला हात ठरला?" त्याने विचारलं.

कराडला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी संगणक उघडला. एकोणीस हिरव्या चौकटी आणि एक पांढरी.

"राइट," मी म्हणाले. "ऑफ कोर्स."

चौकट हिरवी केली. पूर्ण झालेल्या यादीचा कागद मी भिंतीवर ठेवत नाही, म्हणून तळघरात जाऊन तो काढून टाकला. रविवारी कराडला फोन लावला. "काका, ऑर्डर गेली. सगळं पूर्ण." पलीकडून खरखरीत आवाज आला, "छान झालं. तो विसरला नाही म्हणायचा."

ते वाक्य मला तेव्हा कळलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी मी त्यांना कारागिराकडे घेऊन गेले. कारागिराने अ‍ॅक्शनला नळी बसवून ठेवली होती. त्याने ती टेबलावरच्या लोकरीच्या कापडावर ठेवली आणि दिवा ओढून घेतला. मी दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून. काका वाकले. त्यांचा डावा हात पुढे गेला, पोलादावरून सरकत मागे आला, बोल्टची मूठ जिथे असायला हवी तिथे थांबला आणि तिथे काहीच नव्हतं. बोटं तशीच थोडा वेळ हवेत राहिली.

"तुम्ही जाताना बहुतेक डावी म्हणाला होतात," कारागीर म्हणाला. "पण मॅडम फोनवर उजवी म्हणाल्या. मला वाटलं, विचार बदलला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "काम सुंदर झालंय," म्हणाले, आणि खरंच झालं होतं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग मी म्हणाले, "चूक माझी आहे, काका."

"कशासाठी लिहिलंस?"

त्यांचा नेहमीचाच प्रश्न. मी खरं ते सांगितलं. "रिकामी चौकट बघवत नव्हती."

त्यांनी मान हलवली, एखादा भाग का चुकला ते कळल्यावर हलवत असतील तशी. मग समोर बघत सांगायला लागले. ते जन्माचे डावखुरे. शाळेत गुरुजी डाव्या बोटांवर पट्टी मारत. घरी वडील जेवताना डावा हात पंचाने कमरेशी बांधत. सात वर्षांचे होईपर्यंत तो हात सुटला, पण तोवर त्याला काही करायची इच्छा उरली नव्हती. कारखान्यात पहिल्या दिवशी अर्लने डाव्या हाताने सही केली, तेव्हा काका बघतच राहिले. याला कुणी मारलं कसं नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"आता उजव्या डोळ्यात मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं, नेमकं बघायचं तेवढंच दिसत नाही. डावा चांगला आहे. डाव्या डोळ्याने नेम धरायचा तर रायफल डाव्या खांद्याला हवी. वर्षभर तळघरात झाडू घेऊन शिकतोय."

"काकूंना माहीत आहे?"

"डोळ्याचं आहे. हाताचं नाही. आमच्या लग्नाआधीच तो हात गेला होता."

"मग मला का नाही सांगितलंत? मी डावी लिहिलं असतं."

"मलाच ठरवता येत नव्हतं. साठ वर्षं ज्याला बांधून ठेवलं, त्याला म्हणायचं, चल, आता सगळ्यात अवघड काम तू कर. तो येईल का, हे बघत होतो. म्हणून रिकामं ठेवलं होतं."

मी आयुष्यात हजारो चौकटी भरल्या आहेत. रिकामी चौकट म्हणजे राहिलेलं काम, एवढंच मला ठाऊक होतं. रिकाम्या चौकटीत एक माणूस रोज तळघरात जाऊन काम करत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दोन दिवस खालून काही आवाज आला नाही. माझा नवरा म्हणाला, "यार, तू नवीन ऑर्डर कर ना, पैसे आपण देऊ." प्रश्न पैशांचा नव्हता. नवी अ‍ॅक्शन डिसेंबरात येणार होती आणि अर्लचा नोव्हेंबर एकच होता. तिसऱ्या दिवशी काकांनी जिन्याखालून हाक मारली, "बाई, खाली ये. टेप घेऊन ये."

तळघरात त्यांनी झाडूच्या दांड्याला उजव्या बाजूने दाराची एक कडी स्क्रूने बसवली होती. दांडा डाव्या खांद्याला लावून ते टेबलाशी बसले. डावं बोट चापाच्या जागी. उजवा हात दांड्याच्या पुढच्या भागाखालून निघाला, कडीवर आला, कडी उघडली, बंद केली, परत खाली गेला. डावा जागचा हलला नाही. परत. परत. सहा वेळा.

"निशाण्याला हेच बरं आहे," ते म्हणाले. "नेम धरणाऱ्याने जागा सोडायचीच नाही. उघडझाप दुसऱ्याने करायची. उजव्याने साठ वर्षं इमानाने काम केलंय. त्याला एकदम घरी बसवणं बरं दिसलं नसतं."

"आणि डोंगरात? तिथे टेबल नाही. हात असा वरून न्यायला वेळ लागेल. पटकन दुसरी गोळी मारायची झाली तर?"

त्यांनी माझ्याकडे परत पाठवायच्या भागाकडे बघावं तसं बघितलं.

"दुसरी कुणाला मारायची आहे?"

दस्ता अजून कापला नव्हता. तो डाव्या खांद्याचा, गाल टेकायचा उंचवटा डाव्या गालासाठी. माप मी घेतलं. सप्टेंबरच्या उकाड्यात काका शिकारीचा जाड कोट घालून उभे राहिले, कारण तो अंगात असतानाच दस्ता खांद्याला बसायला हवा. मी कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत मोजलं, कागद पालथा ठेवला, दुसऱ्या दिवशी परत मोजलं. आकडे जुळले. उजव्या हाताची अ‍ॅक्शन आणि डाव्या खांद्याचा दस्ता. कारागीर म्हणाला, ही रायफल जगात दुसऱ्या कुणालाच नीट बसणार नाही. काका म्हणाले, "दुसरा कोण आहे?"

ऑक्टोबरात काकांनी क्लबात शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारल्या. मी कागद आणायला गेले. पाचही भोकं एका क्वार्टरच्या, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली. अर्लने कागद उन्हाकडे धरला आणि डाव्या हाताने काकांच्या डाव्या खांद्यावर थाप मारली.

नोव्हेंबरात मी त्यांना व्हरमाँटला घेऊन गेले, कारण दोघांपैकी एकालाही आता तेवढी गाडी चालवता येत नव्हती. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये हरणासाठी रायफल चालतच नाही, म्हणून हा एवढा प्रवास. मला केशरी टोपी दिली होती आणि हलायचं नाही असं सांगितलं होतं. चढायला अर्लला दुप्पट वेळ लागला. काका त्याच्या पुढे एकदाही गेले नाहीत. खांद्यावर साडेआठ पौंड.

पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक नर आला, अगदी जवळ. काकांनी बघितलं आणि रायफल खाली केली. शिंगाला फाटा नव्हता, आणि फाटा नसला तर तिथे मारायचं नसतं. अर्ल हळूच म्हणाला, "वीस वर्षांपूर्वी मी फाटा आहे असं धरून चाललो असतो." तासाभराने दुसरा आला, ओढ्यापलीकडच्या उतारावर. मोठा. त्याच्या मागे एक मादी उभी होती. काकांचा गाल लाकडाला टेकलेला, डावं बोट चापावर. मी श्वास मोजायला लागले, माझ्या सवयीने. चाळीस झाले. मादी पुढे सरकली, नराच्या मागची जागा रिकामी झाली. बेचाळीस.

एकच आवाज झाला. नर दोन पावलंही गेला नाही. होता तिथेच बसला, मग आडवा झाला.

काका लगेच उठले नाहीत. त्यांचा उजवा हात वरून आला, बोल्ट उघडला, रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं. डावा अजून जागेवरच होता. मी बघत होते. या वेळी हाताकडेच बघत होते. अर्ल रडत होता आणि थंडीमुळे डोळ्यांत पाणी येतंय असं म्हणत होता.

काकूंची एक पद्धत होती. काका डोंगरातून नुसते परतले तर चहा. पण हरीण पडलं असेल तर आधी तळघरातच अंघोळ, मग वर येऊन देवापुढे उभं राहायचं. काकू काही विचारत नसत. तीर्थाची पळी त्यांच्या हातावर सोडत, मगच स्वयंपाकघरात येऊ देत. लग्नानंतर असं चार वेळाच झालं होतं.

त्या दिवशी पाचव्यांदा. काका ओल्या केसांनी देवघरासमोर उभे होते, मी दाराशी. काकूंनी पळी भरली. काकांनी हात पुढे केला. डावा.

"उजवा," काकू न बघताच म्हणाल्या.

"आज काम याने केलंय," काका म्हणाले.

काकूंनी वर बघितलं. आधी हाताकडे, मग काकांच्या तोंडाकडे. पळी तशीच धरलेली. पाणी काठापर्यंत आलेलं, पण एक थेंब सांडला नाही. मग त्यांनी ती डाव्या तळव्यावर रिकामी केली.

"सांडू नका म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.